जपानला गेलेल्या पाटल्या

खोली भाड्याने देण्याआधी जीजींनी माझ्यापुढे मेथीची जुडी टाकली आणि म्हणाल्या, "निवडा."

मी धारहून देवासला शाळामास्तर म्हणून नुकताच आलो होतो. काखेत वळकटी, डोक्यावर नवी टोपी आणि समोर मेथी. निवडायला बसलो. जीजी पाटावर बसून माझ्या बोटांकडे टक लावून पाहत होत्या. अर्धी जुडी झाल्यावर म्हणाल्या, "पुरे. राहा." कारण त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. मुळासकट ओरबाडून टाकणारा भाडेकरू त्यांना नको होता, आणि एकेक पान उजेडात धरून पाहणारा तर मुळीच नको होता. "पहिला घर घाण करतो, दुसरा डोकं खातो."

सगळा मोहल्ला त्यांना जीजी म्हणे. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र टेकडीवरच्या देवीला ऐकू जाईल असा. नवरा दरबारच्या पागेत कारकून होता, तो जाऊन वीस वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. मागच्या दोन खोल्यांचं भाडं आणि परसातल्या लिंबांचं नि कैऱ्यांचं लोणचं, यावर त्यांचं ठीक चाललं होतं.

देवासला तेव्हा एकाच गावात दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक राजे, त्या अंगाला दुसरे. जीजींच्या घराचं पुढचं दार एका राज्यात उघडे आणि परसातलं फाटक दुसऱ्यात. "मला दोन राजे, म्हणून मी कुणाचीच रयत नाही," असं त्या ऐटीत सांगत. दसऱ्याला पुढच्या दारात उभं राहून एका स्वारीला मुजरा करायचा आणि लुगडं सावरत धावत परसात जाऊन दुसऱ्या स्वारीला करायचा, हा त्यांचा नेम होता. एका वर्षी दोन्ही स्वाऱ्या एकदमच आल्या. तेव्हा जीजी माजघरात मधोमध उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून दोन्ही दिशांना एकेक मुजरा करून मोकळ्या झाल्या.

दुपारी त्या एकट्याच सोंगट्या खेळत. चारही रंग स्वतःच्या हाताने. जो रंग हरायला लागे त्याच्यासाठी त्या बिनदिक्कत चोरी करत. मी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "जिंकणाऱ्याला कशाला मदत लागते, मास्तर?"

कुठलीही गोष्ट पारखून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आंबेवाल्याला आधी एक आंबा खायला लावत आणि त्याचं तोंड बघत. वर्तमानपत्र त्यांना वाचता येत होतं, पण त्या माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. म्हणत, "स्वतः वाचलं की सगळं खरं वाटतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खोटं कुठे आहे ते कानाला टोचतं."

अशाच एका सकाळी मी ओटल्यावर बसून जपानच्या भूकंपाची बातमी वाचली. शहरंच्या शहरं पडली, आणि जे पडण्यातून वाचलं ते आगीत गेलं. ऐन दुपारची वेळ, घरोघर स्वयंपाक चाललेला, चुलीतले निखारे उधळून लाकडी घरांनी पेट घेतला, असं लिहिलं होतं. जीजी तूर पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे चुली पेटलेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे चुलीपुढे बायका होत्या."

त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि वाकून जमिनीवर पालथा हात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बराच वेळ तशाच वाकून उभ्या होत्या. मग आत गेल्या आणि लाकडी पेटीतून सोन्याच्या दोन पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्यांच्याजवळ सोनं म्हणून तेवढंच होतं, हे मला ठाऊक होतं.

"या तिकडे जाऊ द्या," म्हणाल्या. "कुणाच्या हाती द्यायच्या ते मात्र मी ठरवीन."

गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरली. रस्त्याच्या अलीकडच्या नागरिकांनी जपानला पैसे आणि कांबळी पाठवण्यासाठी एक कमिटी काढली होती. अलीकडे निघाली म्हणून पलीकडच्यांनीही काढली. अलीकडच्या कमिटीचे अध्यक्ष आमचे हेडमास्तर होते आणि चिटणीस मी. पलीकडचे चिटणीस एक वकील होते. त्यांचा आवाज गोड आणि कागदपत्रं चोख. गावातल्या कुठल्याही सावकाराने अजून हात सैल सोडला नव्हता. जीजींच्या पाटल्या ज्या कमिटीत जातील तिच्याकडे बाकीचे आपोआप येतील, असा दोन्हीकडचा हिशेब होता.

हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांच्या घरात राहता. पाटल्या आपल्याकडे आल्या तर तुमच्या नोकरीचं कायम होण्याचं मी बघतो."

मला आणखी काय हवं होतं? धारला माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी मनात भरली होती, पत्रिका जमली होती, घोडं अडलं होतं ते नोकरीवर. तिचे वडील धारच्या कचेरीत होते आणि जावई कच्च्या नोकरीचा नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणखी एक माणूस आला. आमच्या वळणावर लोखंडी सामानाचं दुकान असलेले बोहरी चाचा. त्यांचा पुतण्या जपानात रेशमाच्या पेढीवर होता. तो भूकंपातून वाचून कोबे बंदरात पोचला होता आणि तिथे जमलेल्या निराधारांसाठी धडपडत होता. चाचांची कमिटी नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं. ते जीजींना एवढंच म्हणाले, "जीजी, अपना लड़का वां हे. जो दोगे, वो अपने हात से लगा देगा."

तिघांचं ऐकून जीजी म्हणाल्या, "तुम्ही सगळेच भले आहात. पण निघालेलं सगळं पोचतंच असं नाही." त्या आत गेल्या आणि लिंबाच्या लोणच्याच्या तीन बरण्या घेऊन आल्या. एकसारख्या, फडक्याने तोंडं बांधलेल्या.

नालछ्याला त्यांची एक मैत्रीण राहत होती. धारला दोघी एका आळीत वाढलेल्या, एकाच वर्षी लग्नं होऊन पांगलेल्या. मैत्रिणीचे यजमान मांडूच्या रस्त्यावर नालछ्याला नोकरीला होते, ते वारल्यावर ती तिथेच एकटी राहिली. "ही बरणी तिला पोचवा," जीजी म्हणाल्या. "आठ दिवसांनी येऊन मला सांगा. ज्याला नालछ्यापर्यंत लोणचं नेता येत नाही, तो समुद्रापार काय नेणार?"

वकीलसाहेब बोहऱ्याच्या हातची बरणी त्या बाईंना चालेल का, असं हळूच पुटपुटले. जीजींनी फडक्याच्या गाठीवर टिचकी मारली. "गाठीच्या आत सगळं सोवळं असतं."

आता पुढचं सांगायला मला आजही थोडी लाज वाटते.

मी दोन दिवसांची रजा काढली, इंदुरापर्यंत टांग्याने आणि तिथून मोटारीने धारला उतरलो. नालछा तिथून बैलगाडीने काही तासांवर. पण धारला उतरून होणाऱ्या सासऱ्यांना न भेटता पुढे कसं जायचं? गेलो. त्यांनी जेवायला थांबवलं. पानं वाढली गेली आणि त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली.

"बरणी कसली?"

"लोणचं. देवासच्या जीजींचं."

"अस्सं! आमच्यासाठी आणलंत?"

आतल्या दाराशी बांगड्या किणकिणल्या. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "हो."

गाठ सुटली. जीजींचं लोणचं काय होतं ते ज्याने खाल्लं त्यालाच कळेल. सासऱ्यांनी भाताबरोबर खाल्लं, पोळीबरोबर खाल्लं, शेवटी नुसतंच खाल्लं. मीही खाल्लं. पान उचलेपर्यंत बरणी निम्मी झाली होती. उरलेलं झाकून, "हे एका ओळखीच्यांना द्यायचंय" अशी काहीतरी थाप मारून मी बरणी परत मिळवली आणि नालछ्याच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवाल्याच्या हवाली केली. दुसऱ्या सकाळी तो परतला. "दे दी, मास्टरसाब," म्हणाला. मी देवासची वाट धरली.

आठव्या दिवशी जीजींच्या ओटल्यावर आम्ही तिघे बसलो. हेडमास्तर मुद्दाम आले होते. रस्त्यावरही दहा-पंधरा लोक काहीतरी काम काढून रेंगाळत होते.

वकीलसाहेबांनी कागद काढला. बरणी इंदूरच्या एका माणसामार्फत धारला, तिथून दुसऱ्यामार्फत नालछ्याला, बाजारातल्या एका दुकानात पोच. दुकानदाराची सही, तारीख, शिक्का. "बाईंनी दुकानातून घेऊन जावी असा निरोप ठेवला आहे," ते म्हणाले.

जीजींनी कागद हातात घेऊन उलटापालटा केला. "छान आहे," म्हणाल्या. "मास्तर, तुमचं?"

"पोचली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. हेडमास्तरांनी समाधानाने मान हलवली.

चाचांनी पिशवीतून बरणी काढली आणि जीजींपुढे ठेवली. तीच बरणी, तेच फडकं, जीजींच्या हातची तीच गाठ.

रस्त्यावरचे लोक हसले. हेडमास्तरही हसले. जीजी हसल्या नाहीत. "परत आणलीत? घर सापडलं नाही?"

"घर मिला, जीजी. दो दिन वईंज रहा, बाजार में बाल्टियां बेचनी थीं." चाचांनी घसा साफ केला. बोलावं की नाही अशा पेचात ते दिसत होते. "जीजी, बुरा मत मानना. उनके मुंडे में तो एक दांत नी हे."



"कधीपासून?" जीजींनी विचारलं.

"बरसों से. खट्टा चलता नी, तीखा चलता नी. आप हर साल भेजती हो, वो फळी पे रख देती हे. वां तो बरनियों की लाइन लगी हे, जीजी. बोलीं, उसको मत बताना, उसका दिल टूट जाएगा. पण मैं झूठ कैसे बोलूं?"

जीजींचा हात बरणीवर होता, तो तसाच राहिला. दहा वर्षं त्या दर हंगामाला नालछ्याला लोणचं पाठवत होत्या. ते पोचतं का, एवढंच त्यांनी दर वेळी विचारलं होतं.

"मग तिला हवं काय आहे?" त्यांनी हळू विचारलं. त्यांचा इतका खालचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

चाचा म्हणाले, पहिल्या दिवशी बाई 'काही नको, सगळं आहे' असंच म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी ते दुकान आवरून पुन्हा गेले, तेव्हा त्या गोधडी मांडीवर घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. डोळे अधू झाले होते, सुईत दोरा जात नव्हता. शेजारची माणसं शेतावर. दोरा ओवून द्यायला दिवसभर कोणी नाही. एवढ्याशा कामासाठी कुणाला हाक मारायची, म्हणून त्या हाकही मारत नव्हत्या.

"तो मैंने पूछा, सुइयां कित्ती हें? सात थीं. सातों में लंबा-लंबा धागा डाल के आया हूं." चाचांनी बोटांनी दोरा ओवून दाखवला. "चार-पांच दिन चल जाएगा. फिर चश्मा चइये."

जीजींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. खांदे हलत होते. मग पदर सुटला आणि कळलं, त्या हसत होत्या. खांब धरून, डोळ्यांतून पाणी वाहतंय तरी हसत होत्या. "दहा वर्षं!" त्या म्हणत होत्या. "मेली दहा वर्षं फळीवर बरण्या मांडतेय! आणि मी लोकांच्या परीक्षा घेतेय!"

त्या हसण्यात मला धीर आला. किंवा आता आणखी खोटं बोलवेना, असं म्हणू. मी उठून उभा राहिलो.

"जीजी, माझी बरणीही नीट पोचली नाही. धारला सासऱ्यांनी ती आपल्यासाठीच समजली. मला नाही म्हणवलं नाही. निम्मी आम्ही खाल्ली आणि निम्मी गाडीवाल्याबरोबर पाठवली. मी नालछ्याला गेलोच नाही."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. रस्त्यावर खसखस पिकली. जीजींनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा हसायला लागल्या, आधीच्या दुप्पट. "म्हणजे या तीन बरण्यांतली जेवढी तुमच्या पोटात गेली तेवढीच कारणी लागली म्हणायची! सासऱ्यांना आवडलं का?"

"नुसतंच खाल्लं, जीजी."

"वा!"

पाटल्या त्यांनी तिथल्या तिथे चाचांच्या हातावर ठेवल्या. "पुतण्याला लिहा, आपल्या मनाने काही घेऊ नकोस. बायकांना विचार. आणि पहिल्या दिवशी 'काही नको' म्हणतील, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा." मग वकिलांकडे आणि हेडमास्तरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही पाठवा बरं. तुमच्या कांबळ्यांनीही कुणाची तरी थंडी जाईल." आणि खरंच, दोन्ही कमिट्यांनी पुढे बरंच पाठवलं, एकमेकांपेक्षा जास्त पाठवायच्या ईर्ष्येने. ईर्ष्येतून गेलेली कांबळी काही कमी गरम नसतात.

हेडमास्तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

जीजींना मात्र दम निघेना. चौथ्याच दिवशी त्या मला बरोबर घेऊन नालछ्याला निघाल्या. वाटेत हेडमास्तरांनी नोकरीबद्दल दिलेला शब्दही मी त्यांना सांगून टाकला. इंदुरात एका चष्मेवाल्याकडून त्यांनी पाच चष्मे मागून घेतले, पटेल तो ठेवून बाकीचे परत देण्याच्या बोलीवर. चष्मेवाला तयार नव्हता. जीजी त्याच्या दुकानात मांडी घालून बसल्या, तेव्हा तयार झाला. धारला मोटार थांबताच त्या मला म्हणाल्या, "तुमचे सासरे कुठे राहतात?"

मी नको नको म्हणत असताना त्या तरातरा त्यांच्या घरात शिरल्या. सासरे झोपाळ्यावर होते. जीजींनी आपली ओळख करून दिली, बरणीची सगळी हकीकत सांगितली, आणि जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं मला झालेलं असताना म्हणाल्या, "हा मुलगा लाजून खोटं बोलला आणि चारचौघांत, साहेबासमोर, नोकरीची आशा सोडून खरं बोलला. नोकरी कच्ची आहे, माणूस पक्का आहे. तुम्हाला उलटं हवं असेल तर तसेही पुष्कळ मिळतील."

सासऱ्यांनी झोपाळा थांबवला. मग आतल्या दाराकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "काय गं, ऐकलंस ना?"

आत कोणीतरी हसू दाबत होतं. त्याच वर्षी मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. नोकरी पुढल्या वर्षी कायम झाली, हेडमास्तरांनी स्वतः शिफारस केली.

नालछ्याला मैत्रिणी भेटल्या तेव्हा मी बाहेर गाडीपाशी थांबलो होतो. आतून एकदम भांडणाचे आवाज आले. "बोलली का नाहीस?" "विचारलंस का?" "दात पडलेले पत्रात कळवता येत नाहीत?" "तू कळवतेस वाटतं तुझं गुडघ्याचं?" तिसरा चष्मा बरोबर बसला. बाईंनी त्यातून जीजींकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, केवढी म्हातारी झालीस!" परतताना गाडीत आम्ही तिघं होतो.

जपानचं पत्र यायला उन्हाळा लागला. चाचा ते घेऊन आले आणि ओटल्यावर बसून त्यांनी आम्हाला सांगितलं. पुतण्या शाळेच्या मैदानातल्या झोपड्यांत राहणाऱ्या बायकांकडे गेला होता. पहिल्या दिवशी त्या कमरेत वाकून म्हणाल्या, काही नको. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. तेव्हा एका म्हातारीने सांगितलं. अन्न मिळत होतं, कांबळी मिळाली होती. पण भूकंपाच्या दिवसापासून त्यांना मनासारखी आंघोळ करायला मिळाली नव्हती. त्या देशात बायकांना कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसून आंघोळ करायची सवय. तेव्हा चार भिंती हव्यात, पाणी तापवायला मोठा हंडा हवा, आणि दाराला आतून कडी हवी.

जीजींच्या पाटल्यांची तशी न्हाणी बांधली गेली. पहिल्या दिवशी झोपड्यांतल्या सगळ्या बायका रांगेने आंघोळीला गेल्या, आणि आतून इतका वेळ हसण्याचा आवाज येत होता की बाहेरच्या पुरुषांना काय झालं ते कळेना, असं पुतण्याने लिहिलं होतं.

"आतून कडी!" जीजी म्हणाल्या. "कुठल्या कमिटीला सुचलं असतं हे?" मैत्रीण चष्मा पुसत म्हणाली, "मला सुचलं असतं." "तुला कोण विचारतं?" "तेच तर!"

मग जीजींनी भरदुपारी, चैत्राच्या उन्हात, माझ्या बायकोला बंब पेटवायला सांगितलं. घरात कुणाला कळेना काय चाललंय. पहिला बंब तापला, दुसरा तापला. परसातल्या न्हाणीघरात आधी मैत्रीण गेली, मागोमाग जीजी गेल्या, आणि दोघींनी आतून कडी लावली. पाणी ओतल्याचा आवाज येत होता, एकीच्या पाठीला दुसरी घासत होती आणि दोघी मोठमोठ्याने धारच्या आपल्या आळीतल्या कुणाची तरी नक्कल करत होत्या. बायको आणि मी बाहेर बसून ऐकत होतो. तासाभराने बायकोने दारावर थाप मारून विचारलं, "जीजी, आणखी पाणी हवं का?"

आतून जीजींचा आवाज आला, दोन्ही राज्यांत ऐकू जाईल असा:

"हवं!"